सत्तावीस मिलिमीटर

१ जून २०१५
सिव्हिलच्या फिजिओथेरपी मॅडमनी पट्टी दिली. उजवी मूठ वळायची, मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब राहतं ते लिहायचं. आज ४० मिमी. फेब्रुवारीत साखर कारखान्यात पॅनमधला उकळता पाक हातावर उडाला. दसऱ्याला बॉयलर पेटेल तेव्हा शून्य करून दाखवणार.

३ जून, सकाळी
व्यायाम रोज पाच वेळा. केला एकदा. कोमट पाण्यात करा म्हणे. टँकर आठ दिवसांनी येतो, हे मॅडमना कोण सांगणार?

३० जून
३७! व्यायाम जवळजवळ बंद, तरी प्रगती. म्हणजे कातडीच जातिवंत. नखाच्या टोकापासून मोजतो, अचूक येतं. सिंधुबाई नखं कापते म्हणाली. दुखऱ्या हाताला बायकोनं हात लावू नये, असं सांगितलं.

२ ऑगस्ट
३४. घट्ट हातमोजा तेवीस तास. नव्या कातडीला ऊन चालत नाही, म्हणून दार लोटून बसलेलो. पाऊस नाही. छताचे पत्रे मोजले, अकरा. कालही अकराच होते.

६ सप्टेंबर
३१. पॅन विभागाचे मोहनराव आले. ऊस नाही, यंदा माणसं निम्मीच घेणार. डाव्यानं कठडा धरून उजव्या एका हातानं व्हॉल्व्हचं चाक फिरवील तो आत. मी त्यांना पाच पानांचं रेकॉर्ड दाखवलं. या वेगानं शून्य पुढच्या पावसाळ्यात येतं, पण वेग वाढत असतो. चहा अर्धा ठेवून गेले. घाईत असावेत.

१८ ऑक्टोबर
२७. पँटला इस्त्री करायला सांगितली.

२१ ऑक्टोबर
आज चाचणी. असल्या हातानं साहेबांपुढं जायचं का, म्हणून सिंधुबाईनं सकाळी धरून नखं कापली. सवयीनं पट्टी लावली. ४२. पट्टी उलटी करून मोजलं. ४२.
ती म्हणाली, "नख वाढलं हो. बोट न्हाई वाकलं."
कारखान्यात चाक हललं नाही. गंजलं असावं. रांगेत माझ्यामागं असलेल्या कय्युमनं एका हातानं फिरवलं.

२२ ऑक्टोबर, दसरा
भोंगा ऐकला. घरीच आहे. डाव्या हाताची नखंही लई वाढलीत. नेलकटर उजव्या हातात घेऊन बराच वेळ दाबत बसलो. शेवटी तीही तिनंच कापली.