धुऱ्यावरची तार

नागभीड तालुका, १२ नोव्हेंबर १९९८

ती. मनकर्णाबाईस,
वारलूचा सलाम. वि. वि.
सारे बरे आहेत असं लिहावं लागते, पण बरं नाई. धानात डुकरं शिरत होते, म्हणून मी धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, करंट सोडलेली तार टाकली. शेजारचा बिरजू आपलं धान पाहाले आला अन् तारेवर पडला. मी पोचलो तवा त्याचा जीव गेला होता. मी तार गुंडाळली अन् पलीकडच्या झिंगूच्या धानाच्या बांदीत फेकली. तार कोणाची म्हणून पोलिसांनी विचारलं, तं मी झिंगूचं नाव घेतलं. त्याले नेलं. जाताना तो माह्याकडं पाहात राह्यला फक्त. बायकोले, मंजुषालेबी सांगितलं नाई. हे पत्र जाळून टाकजो, पण मले टाकू नको.
तुहा भाऊ, वारलू

गडचिरोली, १८ नोव्हेंबर

चि. वारलूस अनेक आशीर्वाद. वि. वि.
पत्र जाळलं नाही. बाबा रविवारी शास्त्रातली, बायबलातली, काइनाची गोष्ट वाचत, तेव्हा तू विचारलं होतंस, भावाला, हाबेलाला मारताना कोणी पाहिलंच नाई, तं काइन भ्याला काऊन? बाबा म्हणाले होते, भावाचं रक्त जमिनीतून ओरडत होतं. देवानं त्याच्यावर वीज पाडली नाही. त्याला जगू दिलं, अन् कुठी थारा राहू दिला नाही. तू जेवतोस का, खरं लिहिजो.
आठ दिवसांत तू ठाण्यात गेला नाहीस, तर दवाखान्यातल्या कामावरून रजा टाकून तुझं ते पत्र मीच ठाण्यात घेऊन जाईन. तुला माह्या हातानं भरवलं आहे, म्हणून लिहून राह्यली.
तुझी मोठी बहीण, मनकर्णा

नागभीड तालुका, २७ नोव्हेंबर

मनकर्णाबाईस मंजुषाचा नमस्कार.
तुमचं पत्र वाचून यायनं मले सारं सांगितलं. दोन हप्त्यांपासून जेवण सुटलंच होतं. मी चिडली, लेकरायचं कसं होईल म्हटलं. तं म्हणाले, बिरजूलेबी लेकरं आहेत. आधी त्याच्या बायकोच्या, सोनीबाईच्या पाया पडाले गेले. तिनं पाय मागं घेतले. मग पायीच ठाण्यात गेले. झिंगूभाऊ सुटले.
विहिरीवर मले पाहून बाया सरकून जातात. बाई, तुमच्यावर माहा राग आहे. तरी या.
मंजुषा

चंद्रपूर जेल, २५ जुलै १९९९

ती. मनकर्णाबाईस सलाम. वि. वि.
केस चालू आहे. शिक्षा होईलच असं वकील म्हणते. मले आता जेवण जाते. मंजुषा एकटी पडली, तिले भेटत राहजो.
यंदा बांदी पडीक राहील असंच मी धरलं होतं. परवा झिंगू भेटीले आला. जाळीपलीकडं बसला. मी माफी मागितली. माफ केलं असं तो म्हणाला नाई. वेळ संपली तवा उठला अन् सांगितलं, तुह्या बांदीतलं धानाचं रोवणं झालं. कोणी केलं हे विचाराची माही हिंमत झाली नाई. त्याच्या नखात चिखल होता.
माया असू दे.
तुहा वारलू