थोमा उशिरा पोचला तेव्हा

प्रिय आई,

येत्या शनिवारी सकाळी तुझी कबर उघडणार आहेत. काल फादरांनी स्वतः फोन करून तसं पक्कं सांगितलं. ठाण्याच्या आपल्या दफनभूमीत जागा थोडी. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर दुसऱ्या कुणाला मिळते. आजीच्या वेळी तूच तिथे उभी होतीस. आता पाळी माझी आहे आणि जावं की नाही, हेच मला ठरवता येत नाहीये. म्हणून तुला लिहितेय.

धाकटा नेल्सन म्हणतो, ताई, तू येऊ नकोस, डोळ्यांसमोर आई आहे तशीच राहू दे. पण तुझं शेवटचं रूप माझ्या डोळ्यांसमोर आहेच कुठे? तुला मातीत ठेवलं तेव्हा मी मस्कतहून येणाऱ्या विमानात होते. खिडकीबाहेर नुसते पांढरे ढग. अजून कधी झोपेत मी त्या ढगांतून चालत येते आणि तू डोंबिवलीच्या गॅलरीत बसून शेवंती ओवत असतेस. मान वर करत नाहीस.

शेजारच्या सूसाम्मा आंटीशी तुझे वाद आठवतात? ऑगस्ट लागला की त्यांचा पंधरा दिवसांचा उपास, आणि तू मुद्दाम दार उघडं टाकून बोंबील तळायचीस! पंधरा ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन उरकलं की दोघी मरियामातेच्या सणासाठी आपापल्या चर्चला. तुझं म्हणणं, मरियामातेला मरण आलं की नाही हे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने ठरवून सांगितलेलंच नाही. देवाने तिला देहासकट स्वर्गात नेलं, एवढं पुरे. ऑर्थोडॉक्स सूसाम्मा म्हणायच्या, ती आपल्यासारखीच मेली, फक्त झोप लागावी तशी. येशूचे प्रेषित ढगांवरून तिच्या उशाशी आले. त्यांच्यातला थोमा तेवढा हिंदुस्थानातून निघालेला, म्हणून उशिरा पोचला. त्याच्यासाठी कबर उघडली, तर ती रिकामी.

"थोमा डोंबिवलीत राहत असणार, लोकल चुकली असेल," तू म्हणायचीस, आणि दोघी हसत सुटायचात.

मरणाचं नाव मात्र तू घरात कधी काढू दिलं नाहीस. डॉक्टरांनी सांगितल्यावरही फोनवर तुझं एकच, मला काय धाड भरलीय! वेळेत बोलावलं का नाहीस गं मला?

काल संध्याकाळी सूसाम्मांकडे गेले. तुझ्या अस्थींसाठी आणलेल्या पांढऱ्या कापडाला त्या टीप घालत होत्या. मी म्हटलं, आंटी, थोमाला कबर रिकामी दिसली. मला नाही दिसणार.

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "नसली रिकामी तर नसली. तुझी आई झोपलीय. झोपलेल्या माणसाची कूस बदलायला घरचं कुणी नको?"

शनिवारी उजाडल्यावर खणणारे येतील, फादर प्रार्थना म्हणतील. सूसाम्मा गुडघेदुखी घेऊन माझ्याबरोबर निघणार आहेत. ते कापड मी दोन्ही हातांवर पसरून धरीन, आणि पहिली कुदळ पडायच्या आधी तिथे असेन.

तुझी,
लिली