लोडर नाही, चिपर घेतला

प्रिय निता,

‘प्रिय’ लिहावं का नाही, यातच अर्धा दिवस गेला. सहा वर्षं झाली तू सून म्हणून या घरात आली, अन् आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आपल्या तांड्याची रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासामोर घुंगट घ्यायचा, काही सांगायचं असलं तं सासूच्या तोंडून. मले चहा पाह्यजे असला तरी मी भिंतीले सांगत होतो, अन् तू भिंतीचं ऐकून चहा ठेवत होती. जे तोंडानं बोलता येत नाही ते आता लिहून राह्यलो. शुक्रवारी शिवम तुले घ्यायले येईन. पौषापासून तू माहेरी आहे. तू परत यायले हो म्हणली, तवापासून तुह्या सासूचे, सुंदरबाईचे, पाय जमिनीवर नाहीत. पण तू जीपमध्ये बसायच्या अगोदर हे पत्र तुह्या हातात पडलं पाह्यजे, म्हणून तुह्या भावाजवळच देऊन राह्यलो.

पहिले यंत्राचं सांगतो. आपला छोटा ट्रॅक्टर वीस एचपीचा, पेरणी-वखरणी झाली का मग नुसता उभा. त्याले सालभर काम पुरंन असं काहीतरी जोडायचं, हे तं ठरलंच होतं. शिवमच्या डोक्यात लोडर. समोर बकेट लावली का शेणखत उचला, माती उचला, मुरूम भरा. हे सगळं खरं. पण त्याचं मन होतं वीटभट्टीवर. भट्टीवाले लोडरवाल्याले बोलावतात, तिकडंच पाल टाकून राहू, असं तो म्हणे. मी म्हणलं, लेका, ऊसतोड सुटली तं आता वीट धरतो काय? पुन्हा मुलूख सोडायचा, तं मग ट्रॅक्टर घेतला कायले? तो गाल फुगवून बसला. लहानपणापासून तसाच आहे, तुले माहीतच आहे.

मग तू फोनवर सासूजवळ तीन सवाल सांगतले. फांद्यांचा कुट्टा करणारं चिपर यंत्र घ्यायचं तं ट्रॅक्टरच्या मांगच्या फिरत्या दांड्यावर, पीटीओवर, त्याले किती ताकद लागते, फांदी किती जाड जाते, अन् आत काही गुंतलं तं उलटं फिरवून बाहेर काढता येते का. सुंदरबाईनं ते बोटावर मोजत मंगरूळपीरपर्यंत पाठ केले. बसमध्ये शेजारची बाई विचारे, बाई कोणता जप चालला. भागचंदशेठच्या दुकानात तिनं तिन्ही सवाल एका दमात टाकले. शेठनं पहिल्या दोनाचं उत्तर दिलं, तिसऱ्याले अडकला. त्यानं कंपनीत फोन लावला, तवा समजलं का स्वस्तातल्या मॉडेलले उलटं फिरवायची सोय नाही, वरच्याले आहे. तो म्हणे, लखीरामभाऊ, हे विचारणारा मेकॅनिक कोण? मी भर दुकानात सांगतलं, माही सून आहे, आयटीआयमध्ये ट्रॅक्टर शिकलेली आहे. सांगतांना छाती फुगली, अन् लगेच आठवलं. ट्रॅक्टर शिकलेल्या पोरीले मी उसाच्या मोळ्या उचलायले धाडलं होतं.

शेठनं लोडरही चालू करून दाखवला. आपल्या ट्रॅक्टरले तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बकेट भरली का पुढची चाकं काळ्या मातीत रुतणार, अन् मांगं वजन बांधलं नाही तं मांगची उचलणार. हे शिवमलेही पटलं. पण मले सांगायचं ते वेगळंच. ती बकेट ओलं खत घेऊन सरसर वर गेली, अन् सुंदरबाई तिच्याकडं पाहतच राह्यली. मग दुकानाच्या बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी जवळ गेलो तं एवढंच म्हणे, माह्या पोरीनं एवढं उसाचं ओझं डोक्यावर नेलं, फळीवरून, ट्रकवर. मी तिच्या बाजूले पायरीवरच बसलो.

चिपर घेतला. उलटं फिरवायची सोय असलेलाच. आपल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांद्या, लोक नुसते पेटवून देतात. मानोऱ्याकडच्या दोन संत्रावाल्यांनी आत्ताच सांगून ठेवलं का छाटणीचा कुट्टा करून झाडाखाली पसरून द्या. काम इथंच आहे, संध्याकाळी माणूस आपल्या घरी. बिल तुह्या नावानं फाडलं, निता शिवम आडे. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्यालेच येऊन गेला. मी त्याले ओट्यावर बसू दिलं नाही, उभ्याउभ्याच सांगतलं का या घरातून आता कोयता निघणार नाही. यंदाही नाही, कधीच नाही. हे तू परत येशील म्हणून केलं नाही. तू नाही आली तरी हे असंच राहीन.

आता खरं लिहितो. मांगच्या आठवड्यात तू सासूजवळ निरोप दिला, का मामाजीवर माहा राग नाही, त्यांले माहीत नव्हतं. मले दिवस गेलेले त्यांले माहीत असते तं त्यांनी मुकादमाले कोयता दिलाच नसता. सुंदरबाईनं हे मले हसत सांगतलं, अन् मी ताटावरून उठलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं.

निता, मले माहीत होतं. मुकादम यायच्या अगोदर सुंदरबाईनं मले अंगणात सांगतलं होतं का पोरीले तिसरा महिना आहे, यंदा ह्यायले धाडू नका. मी ऐकलं, समजलं, अन् दुसऱ्या दिवशी कोयता देऊन टाकला. तुले काय सांगू, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, त्याले मुकादम उभा करत नाही. मले वाटलं, माह्या मायनं मले फडातच जन्म दिला, हिले काय होते. तुह्या पोटातलं लेकरू फळीवर गेलं, तवा सुंदरबाईनं माही इज्जत झाकायले तुले खोटं सांगतलं, अन् मी ते सालभर पांघरून बसलो. तिच्यावर रागावू नको, ते पाप माहं आहे. माफी कोणत्या तोंडानं मागू? पण तू खोट्यावर भरोसा ठेवून या घरात पाय ठेवावा, हे माह्याच्यानं सोसवत नाही. शिवमले हे ठाऊक नाही. सांगायचं का नाही, ते तुह्यावर. तुले जे वाटते तेच कर. शुक्रवारी तो एकटाच परत आला, तं मी त्याले काहून म्हणून विचारणार नाही.

तुहाच मामाजी,
लखीराम