निवडक मंडळींचं अधिवेशन

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. कुलूप-तिजोरीवाल्यांचं अधिवेशन काल संपलं. निघताना तू विचारलं होतंस, की तिथं जाऊन मिळतं काय? तर ऐक. मंचावर बँकेच्या तळघराला असतं तसं जुनं चकतीचं दार उभं केलं होतं. आकडे कुणालाच माहीत नाहीत. भलेभले घाम पुसत खाली उतरले. मी कान लावला, चकती फिरवली आणि दार उघडलं. सगळा हॉल उभा राहिला! लोकांनी फोटो काढले, पत्ता मागितला. मी तुझ्या दुकानाचा दिला. माझ्या खोलीला पत्ता म्हणावं असं काही नाही.

बाबा असते तर नक्की काहीतरी खोट काढली असती. ती जबाबदारी तुझ्यावर.

तुझा,
टिचक्या

१६ जानेवारी

चि. टिचक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या वर्षी अधिवेशनातून पिशवी, पेन आणि सर्दी आणली होतीस. यंदा टाळ्या, म्हणजे प्रगती आहे. पण मला सांग, टाळ्या वाजवणाऱ्यांत गिऱ्हाईक किती आणि बघे किती? आपल्याकडे माणूस येतो तो किल्ली हरवली म्हणून, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून. तिजोरी उघडताना बाबा मालकालासुद्धा खोलीबाहेर काढायचे. तू हॉलभर हात दाखवून आलास. घे, काढली खोट.

परवा दुकानात एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, बोलणं लोण्यासारखं. घेतलं काहीच नाही. तू डावा कान लावतोस हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्यासोबत कोण राहतं, तू चार दिवस दिसला नाहीस तर कोण शोधेल, असंही विचारून घेतलं. मी सांगितलं, याला सहा मेहुणे आहेत आणि सगळे पैलवान. ते हसले नाहीत.

पुढचं आमंत्रण आलं तर हो म्हणण्याआधी मला कळव. लोभ आहेच, जरा अक्कलही असू दे.

ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमंत्रण आलं. जाड कागद, सोनेरी कडा. निवडक कारागिरांचं छोटं अधिवेशन आहे. जाणं-येणं, राहणं सगळं त्यांच्याकडे. सही बहुतेक तुझ्या त्या इस्त्रीवाल्यांची असावी, कारण खाली लिहिलंय, आपल्या ताईसाहेब फार विनोदी आहेत.

तू म्हणणार, जाऊ नको. मीही दोन दिवस तेच घोळवत होतो. पण इथं मी दिवसभर सायकलींची कुलपं तोडतो गं. इतक्या वर्षांत मोठ्या दाराला हात लागला तो अधिवेशनातच. अशी माणसं भेटली नाहीत तर सायकलींतच म्हातारा होईन. शेवटी हो कळवलं. उद्या निघतो. कान पकडायचाच असेल तर उजवा पकड, डावा कामाचा आहे.

तुझा,
टिचक्या

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. धंद्याची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून इथं फोन जमा करून घेतात. पत्राला हरकत नाही. पाकीट त्यांच्याकडे दिलं की ते टाकतात. उत्तरासाठी टपालपेटीचा क्रमांक आणि तिचं गाव वर लिहिलं आहे. या जागेचं नाव मात्र मलाही नीट कळलेलं नाही, पोचलो तेव्हा गाडीचे पडदे ओढलेले होते.

व्यवस्था उत्तम आहे. बाकीची मंडळी मात्र अजून आलेली नाहीत. उद्या येतील, असं रोज सांगतात. खुर्च्या एकाच ओळीत मांडल्या आहेत आणि समोर तसंच चकतीचं दार. मी ते उघडतो, ते घड्याळ बघतात आणि पुन्हा लावतात. अजून लवकर जमेल का, असं गोड शब्दांत विचारतात. टाळ्या कुणी वाजवत नाही.

एक गंमत. माझ्या खोलीचं कुलूप बाहेरच्या बाजूला आहे. मला ते उघडता येईल, पण पाहुण्यानं असं करणं शोभतं का? तूच सांग. लवकर सांग.

तुझा,
टिचक्या

९ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचे सोबती म्हणून आणि कुलूपवाल्यांच्या संघाचं काम बघता म्हणून तुम्हालाच विचारलं होतं. असं कुठलंही अधिवेशन नाही, कुणालाही आमंत्रण नाही, हे तुमचं उत्तर वाचलं. त्याचं पत्र सोबत पाठवते. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसतं. पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, मोठा माणूस अधिवेशनाला गेला, खुशालीचं पत्र आलं, तक्रार कशाची?

काका, ही तालीम आहे. त्यांना कुठल्यातरी बँकेचं दार उघडून हवं आहे. आणि एकदा ते उघडलं की ज्यानं उघडलं त्याला ते घरी कशाला सोडतील?

आता मी त्याला पत्र लिहिते, ते वाचणाऱ्यांसाठी. त्यात दाराच्या आत एक जादा खटका असतो, अशी थाप मारणार आहे. असा खटका नसतो, हे तुम्हाला-मला ठाऊक. त्यांना नाही. सतरा तारखेला सकाळी संघातली दणकट माणसं घेऊन त्याच्या टपालपेटीच्या गावच्या स्टेशनवर या. तो दिसला की त्याला मधे घ्या आणि आरडाओरडा करा.

आपली,
पुतणी

९ फेब्रुवारी

चि. टिचक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कौतुक होतंय, वाचून आनंद झाला. कुलपाला हात लावू नकोस, चांगल्या घरचा आहेस.

एक विसरू नकोस. नमुन्याचं दार वेगळं आणि रोजच्या वापरातलं वेगळं. खऱ्या दारात आकडे जुळल्यावरही आत एक जादा खटका असतो. तो चुकला तर दार कायमचं बसतं. तो बाबांनी फक्त मला दाखवला होता. कागदावर सांगता येत नाही, हातावर हात ठेवूनच शिकवावा लागतो. मंडळींची परवानगी असेल तर मीच येते. सतरा तारखेला, सकाळच्या गाडीनं, तुझ्या टपालपेटीच्या गावी. स्टेशनवर तू स्वतः ये. तू दिसला नाहीस तर मी डब्यातून उतरणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

जेवत जा.

ताई

१३ फेब्रुवारी

आदरणीय ताईसाहेबांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र आम्ही सर्वांनी मिळून वाचलं. खटक्याबद्दल भाऊरायांना विचारलं. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, मग म्हणाले, हो, तो ताईलाच येतो. आपणही निवडक मंडळींत आलात, याचा मनापासून आनंद वाटतो.

मात्र सतरा तारखेपर्यंत थांबणं सोयीचं नाही. शिवाय स्टेशनवर गर्दी फार असते, वयस्कर माणसांना उगाच ताटकळावं लागतं. संघातली माणसं जमवत हिंडणाऱ्या आपल्या काकांना आम्ही तसं समक्ष भेटून सांगितलं आहे.

म्हणून गाडीच पाठवत आहोत. हे पत्र आपल्या हाती देणारा गृहस्थ चालक आहे. आपलं वाचून होईपर्यंत तो दुकानाची फळी लावून घेईल.

लोभ जडला आहे, तो आता सुटायचा नाही.

आपला,
आयोजक