भिंतीलगतची पट्टी उकंडरावांना

मी, आशाबाई शांतवन खंडारे, निवृत्त शिक्षिका, धर्माने ख्रिस्ती, राहणार चिखली, जिल्हा बुलडाणा, आज पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी खुशीत माझे हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगी सारिका पुण्याहून फोनवर दडपण आणून पाहते, परंतु तिला त्यात आजवर यश आलेले नाही.

कलम १. राहते घर, अंगणातील बोअर आणि बँकेत जे काही उरेल ते सारिकाला द्यावे. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. अट एकच. बोअरपासून भिंतीवरून शेजारी उकंडराव यांच्या अंगणात पाण्याची नळी गेली आहे, ती काढू नये. घर विकल्यास खरेदीखतात तसे लिहून घ्यावे. कारण ठाऊक नसेल तर नवा मालक ती पहिल्याच दिवशी कापील, म्हणून सविस्तर लिहिते.

भिंतीच्या आमच्या बाजूला जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. धड खाटही मावत नाही. तिथे माझा कढीपत्ता आहे. ही पट्टी आपली आहे असे उकंडरावांना एके दिवशी वाटले आणि त्यांनी दावा लावला. चिखलीत निकाल माझ्या बाजूने लागला. त्यांनी बुलडाण्याला अपील केले. बोलणे बंद झाले, दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या करंज्या यांची ये-जा बंद झाली.

मग एका उन्हाळ्यात त्यांचे बोअर आटले. आमच्याला पाणी होते. त्याच रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रवचनासाठी नेमका वैऱ्याची तहान भागवण्याचा विषय घेतला. मंडळीत सगळे मान डोलवत होते, कारण त्यांच्या शेजारी उकंडराव राहत नव्हते. घरी आल्यावर मी यजमानांना, म्हणजे शांतवनला, म्हटले, "नळी टाका भिंतीवरून."

ते म्हणाले, "अपील चालू आहे, आशा."

"अपील कोर्टात आहे. पाणी अंगणात आहे."

उकंडरावांनी नळी परत आमच्या बाजूला फेकली. मी ती पुन्हा तिकडे टाकली. असे काही दिवस चालले. मग ते घरी नसताना त्यांच्या पत्नी गीताबाई हंडे भरून घेऊ लागल्या. हे उकंडरावांना डाळीवरून कळले. टँकरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे; ती एकाएकी मऊ शिजू लागली. ते तडक आमच्या फाटकाशी आले.

"पाणी काऊन देऊन राह्यल्या, बाई?"

"मला तसे सांगितले आहे."

"कोनं?"

"वरून."

"वरून म्हंजे? तहसीलदारानं?"

मी म्हटले, त्याच्याही वरून. ते जरा विचारात पडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पानी पाजून मले किरिस्ताव करता काय?"

"उकंडराव, तुम्ही आमच्या मंडळीत आलात तर मला मंडळी बदलावी लागेल."

ते हसले नाहीत, परंतु नळीही परत फेकली नाही.

अपील मात्र त्यांनी मागे घेतले नाही, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम नमूद करते. तारखेला आम्ही दोघे एकाच एसटीने बुलडाण्याला जात असू. जागा मिळेल त्याने दुसऱ्यासाठी रुमाल टाकायचा, असे न ठरवताच ठरले. त्यांची बाटली माझ्याच बोअरच्या पाण्याने भरलेली असे, आणि कोर्टात शिरताना ते तीतले दोन घोट घेऊन माझ्याविरुद्ध उभे राहत. सारिका फोनवर चिडून म्हणाली, "आई, तो माणूस तुझंच पाणी पिऊन तुझ्याशीच भांडतो." मी म्हटले, तहानेल्या माणसाशी भांडण्यात काय मजा?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शांतवन गेले. हृदयविकाराने गेले, पण त्या दिवसांत कारण कोणी विचारीत नव्हते. सारिका पुण्यात अडकली. मंडळीतली निम्मी घरे तापाने पडली होती आणि उरलेली घाबरली होती. एकटे पाळकसाहेब आले, शवपेटीकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात भिंतीवरून उकंडरावांचे डोके दिसले.

"खांदा द्याले कोन कोन हाय?"

"पाळकसाहेब आहेत."

"आन?"

मी फाटकाकडे पाहिले. तिथे फक्त शववाहिकेचा गाडीवाला उभा होता.

"मी आन गजेंद्र येतो," ते म्हणाले. गजेंद्र त्यांचा मुलगा. गीताबाईंनी त्याला अडवले नाही. स्वतःच्या पदराने त्याचे तोंड-नाक बांधून दिले. पाळकसाहेबांनी पुढचा एक खांदा दिला, मागचे दोन्ही गजेंद्र आणि गाडीवाल्याने. उकंडराव पुढे उजवीकडे होते. कबरस्तानात माती टाकताना ते शांतवनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भाऊ, पट्टीचं आपन पाहू मंग."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, ते तेव्हा.

कोर्टे पुन्हा सुरू झाली. पहिल्याच तारखेला उकंडराव हजर. माझ्यासाठी खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकून बसले होते.

कलम २. पेटी, म्हणजे वाजवायची, मंडळीला द्यावी. ती मंडळीतले भगवंतराव यांनी वाजवू नये अशी माझी फार इच्छा आहे. तथापि ते वाजवतीलच, तेव्हा मंडळीने प्रीतीने सहन करावे. मी इतकी वर्षे केले.

कलम ३. शिलाई मशीन गीताबाईंना. पायडल थोडे अडते. त्यांच्या यजमानांसारखेच आहे, त्यांना सवय आहे.

कलम ४. माझ्या शवपेटीचा पुढचा उजवा खांदा उकंडरावांचा. त्यांच्या गुडघ्याचे कारण ऐकून घेऊ नये. नुसता हात लावला तरी चालेल.

कलम ५. वादातली पट्टी कढीपत्त्यासह मी उकंडराव यांना देते. माझ्यामागे ती त्यांनी सुखाने वापरावी. मात्र हे माझ्याकडून मिळाले म्हणून स्वीकारताना ती पट्टी माझी होती, असे त्यांना सही करून मान्य करावे लागेल. मान्य नसेल तर ती गीताबाईंना मिळेल. त्या नाकारणार नाहीत; त्यांनी पाणीही नाकारले नव्हते. माझ्या हयातीत अपील चालूच राहावे अशी विनंती आहे. एकटीने एसटीने जायला मला कंटाळा येतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यासमोर सही करीत आहे. साक्षीदार व्हायला उकंडराव सकाळी अंघोळ करून, टोपी घालून आले होते. वकील रमाकांत म्हणाले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीला सही केली तर ते देणे बाद होते. म्हणून त्यांना व्हरांड्यात बसवले आहे. तेव्हापासून ते खिडकीतून विचारीत आहेत.

"मले काय देऊन राह्यल्या, बाई?"

"मेल्यावर समजेल."

"कोन मेल्यावर?"

सही: आशाबाई शांतवन खंडारे

साक्षीदार:
१. महादेवराव इंगळे, औषध विक्रेते, चिखली (सही)
२. शैलजा कुळकर्णी, निवृत्त मुख्याध्यापिका, चिखली (सही)

ठिकाण: चिखली, जि. बुलडाणा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४