मारोतीमामांचा तळहात

मंगळवार, संध्याकाळ

मारोतीमामांचा लाल झालेला तळहात डोळ्यांसमोरून जाईना.

आमच्या बिअरच्या कारखान्यात जव शिजवायच्या टाकीला हात लावून आमचे जुने कामगार मारोतीमामा उष्णता सांगतात. उष्णता मोजणाऱ्या नव्या कंट्रोल सिस्टीमला त्यांनी वर्षभर विरोध केला. आज तिची चाचणी होती. मामांनी टाकीवर तळहात ठेवला, म्हणाले, "बराबर हाय, पोरी." स्क्रीनवरचा आकडा मात्र फार जास्त. मला वाटलं, सेन्सर चुकला. खात्री करायला मीही हात लावला आणि चटका बसून झटक्यात मागे घेतला. मामांचा हात अजून तिथंच होता. मी तो ओढून काढला.

"मामा, भाजलेलं कळत न्हाई, हे काहून सांगितलं न्हाई?"

"शुगरनं हात बधिर झालेत. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं."

आणि मी त्यांना हट्टी म्हणत राहिले! मी तळहाताला मलम लावत होते, तेही त्यांना कळत नव्हतं.

मॅनेजरसाहेब आले. लपवावं का? आज हात भाजला, उद्या कुणाचा जीव गेला तर? मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, मामा आता माझं तोंड बघणार नाहीत.

सुट्टी झाल्यावर मामा गेटपाशी थांबलेले दिसले.

"बरं केलंस," म्हणाले. "माझ्यानं सांगणं होत नव्हतं."