मिस्त्रींची कानस आणि लाल अक्षरांतले नाव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, कुलपांच्या कारखान्यातला निवृत्त कामगार अधिकारी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल शंका आल्यास माझ्या मेहुण्याला विचारू नये.

एक. राहते घर मुलीला द्यावे. पुढच्या दाराचे कुलूप मात्र तिने बदलू नये. ते आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींच्या हातचे आहे.

दोन. शिडी मेहुण्याला. 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून त्याने ती नऊ वर्षांपूर्वीच नेली असल्यामुळे ताबा देण्याचा प्रश्न उरत नाही.

तीन. माणूस कशाने मन लावून काम करतो, या विषयावरची माझी बावीस पुस्तके रद्दीत द्यावीत. गरजांची उतरंड, कौतुकाचे नियम, स्पर्धेचे फायदे, सगळे मला तोंडपाठ होते. पुस्तके वाईट नव्हती. ती वाचून मी समोरच्या माणसाकडे बघायचे सोडले, हा दोष माझा.

चार. कपाटातली लाकडी मुठीची कानस मिस्त्रींना द्यावी. ती त्यांचीच आहे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. मिस्त्री प्रत्येक कुलूप कानाशी धरून तीनदा किल्ली फिरवत आणि मगच हातावेगळे करीत. नव्या माणसाचे अडले की स्वतःचे काम टाकून त्याच्याशेजारी जाऊन बसत. मी भिंतीवर तक्ता लावला. आठवड्यात ज्याची कुलपे सर्वांत जास्त त्याचे नाव हिरव्या अक्षरांत, सर्वांत कमी त्याचे लाल. तीन आठवडे मिस्त्री लाल अक्षरांत होते. दुसऱ्याला शिकवण्यात गेलेला वेळ मोजायला तक्त्यात रकानाच नव्हता.

चौथ्या आठवड्यात ते पहिले आले. मी सर्वांसमोर त्यांना चषक दिला आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली. ते आता स्टुलावरून उठत नाहीत आणि कुलूप कानाला लावत नाहीत, हे मला दिसले नाही. त्या वर्षी कोणत्याही किल्लीने उघडणारी आमची कुलपे दुकानदारांनी खोकी भरभरून परत पाठवली.

मिस्त्रींनी चषक माझ्या टेबलावर ठेवला आणि राजीनामा दिला. म्हणाले, "साहेब, मला काय पाहिजे ते तुम्ही पुस्तकात शोधलंत. मी तर वीस पावलांवर बसलो होतो."

कानस त्यांच्या खणात राहिली. ती परत करायला मी दोनदा गेलो आणि त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून मागे फिरलो. पाय धड होते तेव्हा तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मला फार वाईट वाटते. मुलीने कानस स्वतः नेऊन द्यावी, त्यांना काय हवे ते विचारावे आणि मधे न बोलता ऐकून घ्यावे.

पाच. तो चषक कोणालाही देऊ नये. माझ्या पत्नीने हयातभर त्यात पळ्या ठेवल्या, तेवढाच त्याचा उपयोग झाला.

पुरवणी. साक्षीदार शिंपीणबाईंनी वरील मजकूर वाचून विचारले, "अहो, मिस्त्री जिवंत आहेत ना? मग तुम्ही मरायची वाट कशाला बघताय?" उद्या सकाळी नऊची रिक्षा सांगितली आहे. तरीही कलम चार खोडू नये. त्या गल्लीचा कोपरा अजून तिथेच आहे.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)

लिहून ठेवणार: मुलीचे बाबा (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी